गोठ्याच्या खांबावरचे हात

उमरेड रोडनं भिवापूरकडे जाताना संत्र्याच्या बागेआड एक जुनं शेतघर आहे. मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब, वर कवेलू, म्हणजे आमच्याकडची कौलं. त्याला वारसा इमारत म्हणून मान्यता मिळाली आणि मला नोकरी. मी सातवीत शाळा सोडलेला, कोल्हापूरकडचा. दुरुस्तीच्या वेळी गवंड्याच्या हाताखाली इथं आलो. काम संपलं, बाकीचे परतले. काम बघणाऱ्या मॅडमनी मला विचारलं, "राखण कराल का? येणाऱ्यांना घराची माहितीही सांगायची." पगार आणि मागची खोली. मी हो म्हणालो आणि तेव्हापासून धास्तावलेलाच आहे. एवढं चांगलं मिळालंय म्हणजे आपल्या हातून काहीतरी चुकणार, असं वाटत राहतं.

तसं ते चुकलंच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मॅडम वारशाची पाटी लावायला येणार होत्या. मी दोन दिवस आधीपासून घर झाडत होतो. गोठ्याच्या मधल्या खांबावर काळपट, तेलकट थर होता. मला तो मळ वाटला. सोड्याच्या गरम पाण्यानं सकाळभर घासला. लाकूड नव्यासारखं दिसायला लागलं. लांब जाऊन बघितलं आणि खूश झालो.

दुपारी घराचे मालक आले. सत्तरी उलटलेले, बागेपलीकडच्या नव्या घरात राहतात. मी त्यांना काका म्हणतो. माझ्यासाठी वांग्याची भाजी आणली होती. डबा हातातच राहिला.

"हे काय केलं गा?"

"साफ केलं, काका. मळ होता."

"मळ नाही ना बाप्पा. हात होते ते."

मग त्यांनी सांगितलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी होते, जुवानं घासलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळून शेकतात. काकांच्या आजोबांनी हे घर बांधलं तेव्हापासून घरातला प्रत्येकजण उरलेल्या तूप-हळदीचा हात या खांबावर दाबत आला. "बैल जू वाहते, हा खांब आढं वाहते. याचा खांदा शेकाले नको काय?"

आमच्याकडं पोळ्याऐवजी बेंदूर असतो, पण आमच्या घरी बैल कधी नव्हतेच. मला कुठलं ठाऊक. मॅडमच्या फायलीत त्या खांबाचा फोटो होता. नोकरी गेली, खोली गेली, असंच मी धरून चाललो.

काका म्हणाले, "सांगून दे, माह्या गायीनं अंग घासलं."

"सोड्यानं?"

तेव्हा कुठं ते हसले.

दुसऱ्या दिवशी मॅडमची जीप थांबली आणि पाटी खाली उतरायच्या आतच मी सगळं सांगून टाकलं. कपड्यांची पिशवी भरून ठेवलेलीच होती. त्या सरळ गोठ्यात गेल्या. खांबावर हात फिरवत राहिल्या, मग नाक टेकवलं.

"तुम्ही बघा."

मीही वास घेतला. सोड्याच्या खालून जुन्या तुपाचा वास येत होता.

"आत मुरलंय. वरचं गेलं ते गेलं. पुढं काहीही धुवायच्या आधी मला विचारायचं."

"पुढं म्हणजे, मी राहू ना?"

"मग पाटीखाली उभं राहून माहिती कोण सांगणार? मी?"

संध्याकाळी काका शेजाऱ्याची बैलजोडी घेऊन आले. त्यांची स्वतःची जोडी ट्रॅक्टर आल्यावर विकली गेली होती. पळसाच्या पानानं त्यांनी खांदे शेकले आणि बैलांना म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग पिवळा हात खांबापर्यंत नेला आणि थबकले.

"मॅडम, घर माहं, तूप माह्या बायकोचं, बैल तेवढे शेजाऱ्याचे. हात लावाले आता तुमची परवानगी लागन काय?"

मॅडम जरा विचारात पडल्या. "लावा. फायलीत लिहिते मी."

काकांनी हात दाबला आणि माझ्याकडं वळले. "आता तू. पुसला तूनं, तर लाव बी तूनंच."

मी घाईनं हात काढला, म्हणून तो ठसा जरा फरफटलेला आहे.

आता येणाऱ्यांना घराची माहिती मी त्याच खांबापासून सांगायला लागतो. खांब धुतल्याचंही सांगतो. बायको-पोरं दिवाळीत कोल्हापूरहून आली, तेव्हा त्यांनाही ठसा दाखवला. त्यांना काही मोठंसं वाटलं नाही.

पण अजूनही त्या खांबावरचं कोळ्याचं जाळं काढायचं झालं, तरी मी आधी मॅडमना फोन करतो.

"काढा हो," त्या म्हणतात.