चौथ्या मुक्कामाचं पाणी

सोनाजी गेल्याची बातमी मला अकोल्याच्या कचेरीत कळली. दुपारची वेळ होती, मी एका गावाच्या नकाशाची नक्कल करत बसलो होतो. अकोटकडून आलेला एक ओळखीचा गाडीवान दारात उभा राहिला, डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "पंत, सोनाजी पाटील गेले. परवा सकाळी. तापानं." मी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि पुन्हा कागदाकडे वळून उरलेली रेघ पूर्ण केली. रेघ सरळ आली. ती सरळ कशी आली याचं मला आजही नवल वाटतं... आणि थोडी लाजही वाटते. त्याला आता सहा आठवडे होत आले. तो कोण होता, त्यानं काय योजलं होतं आणि मी त्यात कुठं कमी पडलो, ते एकदा लिहून काढावं असं फार वाटतं आहे.

अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाजीचं गाव आहे. मी मोजणी खात्यातला कारकून, घर अमरावतीला. खात्याबरोबर पहिल्यांदा त्याच्या गावी गेलो तेव्हा अमेरिकेतल्या लढाईमुळे आपल्या कापसाला मागणी येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. साखळीनं जमीन मोजायची, कुठला तुकडा कसला ते वहीत लिहायचं, हे आमचं काम. गावाबाहेरच्या गवताळ माळावर साखळी पडली तेव्हा बाभळीखाली बसलेला एक उंच, काळासावळा माणूस उठून माझ्याजवळ आला.

"याले काय लिहून राहिले?"

"पडीक," मी म्हणालो.

"पडीक?" त्यानं माळाकडे पाहिलं. गावाची सगळी ढोरं तिथं चरत होती. "आज पडीक लिहाल, पुढच्या साली इथं पराटी राहीन. मंग हे कुठं जातीन?"

खात्याच्या वहीत त्या जमिनीला दुसरा शब्द नव्हता. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा माळ नांगरलेला होता आणि जिकडेतिकडे पराटी, म्हणजे कापसाची झाडं, गुडघाभर वाढली होती. सोनाजीनं मला शिव्या घालायला हव्या होत्या. त्यानं घरी नेऊन जेवू घातलं. "तुमी नसतं लिहिलं तर दुसऱ्यानं लिहिलं असतं," एवढंच म्हणाला, आणि त्यावर पुन्हा कधी बोलला नाही. मैत्री झाली ती तिथून. तो बोलायला तुसडा होता, समोरच्याचं मन राखण्यासाठी शब्द फिरवणं त्याला ठाऊक नव्हतं. पण गाय आजारी पडली की तिच्याशी तासन्तास अशा आवाजात बोलत बसायचा की ऐकणाऱ्यानं मान खाली घालावी.

त्या दोन-तीन वर्षांत वऱ्हाडात सगळीकडे कापूस झाला. ज्वारी कमी झाली म्हणजे कडबा कमी झाला, आणि गायरानं तर गेलीच. उन्हाळ्यात ढोरं उभ्या उभ्या वाळू लागली. सोनाजीच्या गोठ्यातले दोन बैल आणि एक दुभती गाय एकाच वैशाखात गेली. तेव्हापासून तो संध्याकाळी ओसरीवर बसला की डोंगराकडे पाहत राहायचा. नरनाळ्याच्या किल्ल्यापासून गाविलगडापर्यंत सातपुड्याचा माथा सलग दिसतो. गाविलगडाच्या पठारावर उन्हाळ्यातही गवत असतं, किल्ल्यातल्या तळ्यांना पाणी असतं, हे त्याला माहीत होतं. पण ढोरं तिथवर न्यायची कशी? खालच्या वाटेनं न्यावीत तर वाटेवरच्या गावांना चारा आणि पाणी त्यांच्याच ढोरांना पुरत नव्हतं, परक्या कळपाला विहिरीजवळ कोण येऊ देणार. म्हणून त्याच्या मनात आलं की खाली उतरायचंच नाही. नरनाळ्याला चढायचं आणि डोंगराच्या माथ्यामाथ्यानं थेट गाविलगड गाठायचा. गावातली माणसं हसली. त्या माथ्यावरून कळप घेऊन कोणी गेल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

मला त्यानं विचारलं, कारण माझ्या हाताशी नकाशे होते. अमरावतीच्या कचेरीत डोंगराचा एक जुना नकाशा होता, त्याची नक्कल मी सवड काढून केली आणि त्याच्याकडे घेऊन गेलो. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद दोन वेळा फिरवून पाहिला, बाजूला ठेवला आणि अंगणात ओल्या काळ्या मातीचा डोंगर रचायला बसला. मी कागदावरून सांगत होतो, तो मातीला चिमटे काढून शिखरं उभी करत होता, बोटानं दऱ्या ओढत होता. मधूनच थांबून म्हणायचा, "नाही पंत, इथं उतार असा नाही, मी पाह्यला आहे," आणि माझा नकाशा चुकीचा ठरायचा.

दोन हिवाळे ही आखणी चालली. किती चालायचं ते माणसाच्या पायावर ठरवायचं नाही, गाभण गाय जितकी चालेल तितकाच एका दिवसाचा टप्पा, हा त्याचा पहिला नियम. त्या हिशेबानं आठ मुक्काम निघाले. ऊन चढायच्या आत सावलीत पोचायचं. मिठाचे खडे बरोबर घ्यायचे. पाण्याच्या दोन पखाली रेड्यांवर लादायच्या, पण त्या माणसांसाठी आणि वासरांसाठी. वाघाच्या भीतीनं कळपाभोवती जाळ कुठं लावायचे, वणवा पेटू नये म्हणून आधी गवत किती खरवडायचं, तेही त्यानं ठरवलं. डोंगरातल्या कोरकू वस्तीवर तो स्वतः गेला. तिथल्या भुरा नावाच्या माणसाशी त्याची जुनी ओळख होती. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांसमोर बसून त्यानं विचारलं, "गवत तुमचं आहे. आमी आलो तर चालंन काय?" त्यांनी सांगितलं, मोहाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही आणि देवाच्या जागेजवळ ढोरं बसवायची नाहीत. त्यानं दोन्ही कबूल केलं, आणि घरी येऊन मातीच्या डोंगरावर ती जागा मला दाखवली, मुक्काम तिथून मुद्दाम दूर सरकवला.

सगळं जमत होतं, चौथा मुक्काम तेवढा जमत नव्हता. तिथं डोंगर तुटतो. एका खिंडीत उतरून पलीकडे चढावं लागतं, आणि त्या दिवसभरात पाणी कुठं आहे ते कोणालाच खात्रीनं सांगता येत नव्हतं. माझ्या नकाशावर एक ओहोळ होता. भुरा म्हणत होता, दगडांत ओल असते, पण उन्हाळ्यात तिकडं कोणी जात नाही. सोनाजी म्हणाला, "हिवाळ्यात पाहून फायदा नाही. चैत्रात जाऊन पाहू. चैत्रात राह्यलं तर वैशाखात ढोरं नेऊ." पाडव्यानंतर तो, मी आणि भुरा अशा तिघांनी जायचं ठरलं. मी शब्द दिला.

आणि मी गेलो नाही. त्याच सुमारास माझी बदली अकोल्याला झाली. आगगाडीमुळे तिथं कामाचा रेटा होता, साहेब नवे होते, कडक आहेत असं सगळे म्हणत. आल्या आल्या आठ दिवसांची रजा मागायला मी धजलो नाही. खरं सांगायचं तर मी मागितलीच नाही, मागून नाकारली गेली असती तर ती गोष्ट वेगळी. सोनाजीला निरोप धाडला की यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी जाऊ. त्याचा उलट निरोप आला, "पुढच्या वर्षापर्यंत ढोरं थांबत नाहीत. तुमी काम करा." त्यात राग होता की नाही... मी अनेकदा तो निरोप त्याच्या आवाजात मनाशी म्हणून पाहिला आहे, मला ठरवता आलेलं नाही.

तो भुराला घेऊन गेला. दहाव्या दिवशी भुरा त्याला खांद्याचा आधार देत गावात घेऊन आला. ताप अंगात भिनलेला होता. उन्हाचा की पाण्याचा, वैद्यांना सांगता आलं नाही. भुराही तेच पाणी प्याला होता, त्याला काही झालं नाही. चार दिवस झुंजून सोनाजी गेला.

तेराव्याला मी त्याच्या घरी पोचलो. त्याची बायको जनाबाई माजघराच्या दारात बसली होती. मी काय बोलावं ते न सुचून विचारलं, शेवटी काही म्हणाला का?

"तुमचं नाव घेत होते असं सांगू काय?" ती म्हणाली. "नाही घेतलं. माझंही नाही घेतलं. ढोरायची नावं घेत होते. एकेकीचं नाव घेऊन म्हणे, चाल, थोडंच राह्यलं."

ओसरीवर गावातली माणसं बसली होती. बेत आता सोडलाच आहे अशा सुरात बोलणं चाललं होतं. ज्यानं आखलं तोच गेला, हा अपशकुन, डोंगराची मर्जी नाही, असं कोणीतरी म्हणालं. जनाबाई आतूनच बोलली, आवाज न चढवता. "माझी ढोरं जातीन. भुराभाऊ नेतो म्हणते, पाण्याचं तो पाहतो म्हणते. ज्याले यायचं त्यानं यावं, नसंन यायचं त्यानं घरी बसावं." थोड्या वेळानं तिचा दीर म्हणाला, "मी येतो." मग आणखी दोघं म्हणाले.

मी अकोल्याला परतलो आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलापुढे उभा राहून दहा दिवसांची रजा मागितली. त्यांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "घरचं काम?" मी हो म्हणालो. "जा," ते म्हणाले. एवढंच. बाहेर येऊन मी व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभा राहिलो. इतकंच लागलं असतं... एका महिन्यापूर्वीही इतकंच.

अक्षय्यतृतीया होऊन गेल्यावर आम्ही नरनाळ्याच्या वाटेनं वर चढलो. ढोरं पोचली, हे आधीच सांगून टाकतो. एक म्हातारी गाय सहाव्या दिवशी बसली ती उठली नाही, बाकी सगळी आठव्या दिवशी गाविलगडाच्या पठारावर गवतात शिरली, आणि पाऊस लागेपर्यंत ती तिथंच राहतील. पण मला सांगायचं आहे ते चौथ्या दिवसाचं. खिंडीत उतरलो तेव्हा ऊन चढत होतं. माझ्या नकाशावरच्या ओहोळात पांढरे गोटे तेवढे होते. ढोरं माना खाली घालून उभी राहिली. भुरानं मला हातानं खुणावलं आणि ओहोळ सोडून वरच्या अंगाला, कड्याच्या पायाशी नेलं. तिथं काटेरी फांद्यांचं कुंपण होतं. त्यानं फांद्या ओढल्या. आत कमरेइतका खोल, चारी बाजूंनी दगड रचून बांधलेला एक झरा होता, काठोकाठ भरलेला. शेजारी चर खणून ढोरांना प्यायला जागा केलेली होती, वासरांसाठी एका बाजूला उथळ.

"आमी आलो तवा हातभर ओल होती," भुरा म्हणाला. "तीन दिवस खोदलं. दुसऱ्याच दिवशी त्याले ताप भरला. मी म्हटलं चाल घरी. म्हणे, ढोरं येतीन, आधी हे बांधू. दगड त्यानंच बसवले, मी आणून देत होतो."

ढोरं एकेक करून आली आणि पिऊ लागली. सोनाजीच्या भावानं तोंड फिरवून पंच्यानं डोळे पुसले. झऱ्याच्या कडेला, कड्याच्या सावलीत एक रुंद सपाट दगड ठेवलेला होता. खालून बारीक चिपा सारून तो डुगडुगू नये असा नीट बसवला होता. असा दगड आणखी कुठं नव्हता. मी विचारलं, हा कशासाठी?

भुरानं माझ्याकडे पाहिलं. "हा तुमचा," तो म्हणाला. "म्हणे, पंताले उकिडवं बसता येत नाही. आज नाही आले, पण कधीतरी येतीन."

मी त्या दगडावर बसलो. शेवटची गाय पिऊन निघेपर्यंत बसलो होतो. दगड थंड होता, आणि अजिबात हलत नव्हता.