माल्यातला दुसरा आवाज

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. ओट्यावर रेडिओ ठेवा, ते आपणहून येऊन बसतात! मी फक्त रोजच्या वहीत उतरवून घेतले.

माले गावात आमच्या आळीत रेडिओ माझाच. संध्याकाळी आठ-दहा माणसं जमायची. काय ऐकायचं ते मी ठरवायचो: भजन, बाजारभाव, बातम्या. शेजारच्या सोनाबाई एकदा वैतागल्या. "नाना, ती बाई रोज तेच सांगती. तिला म्हनावं, आज येकादी ओवी म्हन!"

"तिला आपलं ऐकू जात नाही, सोनाबाई."

"आमचं तुमाला तरी कुटं जातंय!"

*

मग आमच्याच आळीतला दगडू मुंबईच्या गिरणीतून परतला तो टेपरेकॉर्डर घेऊन. "अस्सल जपानी!"

मी विचारलं, "ह्यात बातम्या लागतात का?"

"बातम्या कशाला, नाना? ह्यात आपल्याला पायजे त्येच लागतं!"

त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर तिघे उरले. त्यातला एक झोपला होता.

*

मी सगळ्यांना समजावलं, रेडिओचं गाणं ताजं, टेपचं शिळं. सोनाबाई म्हणाल्या, "शिळी भाकर ग्वाड लागली तर मानूस दोनदा मागतो, नाना!"

*

एकदा दगडूची कॅसेट गुंतली. तो पेन्सिल घालून फिरवत बसला. मी मुद्दाम भेटायला गेलो. "अरेरे!" म्हणालो.

"नाना," सोनाबाई म्हणाल्या, "दुखवट्याला आलेल्यानं हसू न्हाई."

वहीत त्या दिवशीची नोंद आहे: 'दगडूची टेप बिघडली. दिवस चांगला गेला.'

*

माझं अक्षर चांगलं, म्हणून पुणे केंद्राला फर्माईशीची पोस्टकार्डं गावासाठी मीच लिहायचो. सोनाबाईंचं लिहिलं, झोपणाऱ्याचंही लिहिलं. एका रविवारी सकाळी ओट्यावर मी आणि बायको, दोघंच. सरू तांदूळ निवडत होती. निवेदिका नावं वाचू लागली. "...आणि माले, तालुका मुळशी इथून सरूबाई."

सरूचा हात सुपात थांबला.

"तुझं कार्ड कोणी लिहिलं?"

"दगडूभावजींनी."

"त्याला काय ठाऊक तुला काय आवडतं?"

"इचारलं त्यांनी."

"मग मला सांगायचं होतंस! वीस वर्षं मी..."

तेवढ्यात गाणं सुरू झालं. सरूने सूप बाजूला सारलं.

"आता गप बसा," ती म्हणाली. "ह्ये माजं हाय!"