फळ्यावरचं ‘कमळ’

नातीनं ओल्या फडक्यानं पाटी पुसली, आणि ओल्या पाटीच्या वासानं माझं डोकं आजही तापलं.

इंग्रजांचं राज्य होतं. मी आठेक वर्षांची असेन. आमच्या सांगोल्याकडं पाऊस झाला नव्हता, म्हणून आई-बाप ज्वारी काढायला अक्कलकोटच्या बाजूला आले होते. तिथल्या शाळेत मास्तरांनी माझं नाव घातलं नाही. “सुगी सरली की जाणार तुम्ही,” म्हणाले आणि मला दाराबाहेर उन्हात बसवलं. तिथूनच फळा बघत मी अक्षरं शिकले.

एक दिवस पाटलाच्या मुलाला फळ्यावरचं वाचता येईना. मी बाहेरून मोठ्यानं वाचलं, “कमळ.” मास्तर तरातरा बाहेर आले आणि छडीनं मलाच मारलं. “तुला कुणी विचारलं गं?”

आई-बाप राबत होते ते पाटलाचं शेत शाळेला लागूनच होतं. माझं रडणं ऐकून आई हातातल्या विळ्यासकट धावत आली.

“हिनं चुकीचं वाचलं व्हय?”

मास्तर छडी घेऊन आत वळले.

“मग मारलं कशापायी? आमी हितं राबाय आलोय, मार खायाला न्हाय!”

दुसऱ्या सकाळी पाटलानं आम्हाला कामावरून काढलं. पुढं मला शाळा मिळालीच नाही. आईच्या तोंडामुळं माझी शाळा गेली, असं मी कितीतरी वर्षं धरून बसले. तिला तसं बोलूनही दाखवलं. आज मास्तरांचा जेवढा राग येतो, तेवढाच माझा स्वतःचाही येतो. त्या गावात माझ्या बाजूनं ती एकटीच उभी राहिली होती, आणि हे तिला सांगायचं राहूनच गेलं.