मेथीच्या पाण्यातली गोळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — ते माझं मलाच कळत नाही.

आमचं कडा गावात किराणा दुकान. यांचं पोट सुटलेलं, बीपी वाढलेलं, त्यात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. पण गोळी एकदा लागली की जन्माची मागे लागते, असं यांनी डोक्यात घेतलं आणि आष्टीला एका ॲक्युपंक्चरवाल्यांकडे जायला लागले. मी सोबत असायची. हातापायांत बारीक सुया टोचून घेऊन हे शांत पडून राहायचे. त्या सुयांच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं — सुया गोळीच्या जोडीला, गोळीच्या ऐवजी नाहीत. आम्ही दोघांनीही ऐकलं. यांनी मनावर घेतलं नाही.

मग मी काय करावं? हे सकाळी मेथीचं पाणी प्यायचे, कडूजहर. त्यात मी गोळी कुटून घालायला लागले. कडूत कडू — कुणाला कळणार?

साखर उतरली. हे गिऱ्हाइकांना सांगायला लागले, सुयांनी काम केलं, गोळीला हात लावला नाही. मी आत तांदूळ निवडत ऐकायची. एवढ्यावर थांबलं असतं तर आज बोलायला बसलेच नसते.

सुमन, यांची धाकटी बहीण, शिरूर कासारला दिलेली. तिलाही साखर, पण गोळ्या नेमानं घ्यायची. दिवाळीला आली तेव्हा चुलीपाशी माझ्याजवळ सरकून तिनं विचारलं,

"वहिनी, दादाची साखर खरंच सुयांनी उतरली का? तुमी म्हणाल तसं. मी बी गोळ्या सोडीन म्हणते."

आम्ही दोघीच होतो. एक वाक्य पुरलं असतं. पण ते यांच्या कानावर गेलं तर? माझ्या हातचं पाणी पुन्हा प्याले असते का हे?

"सुयांनीच," मी म्हणाले. तोंडून निसटलं असं म्हणू? नाही — विचार करून म्हणाले.

तिनं सुया सुरू केल्या, गोळ्या सोडल्या, आणि सुया देणाऱ्यांना ते सांगितलंही नाही. उन्हाळ्यात चपलेनं पाय घासला. जखम भरेना, काळी पडली. नगरला नेलं, डाव्या पायाची बोटं काढावी लागली. मी उशाशी बसले होते. "माझ्याच अंगाला सुया मानवल्या न्हाईत," ती म्हणाली. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? नाही सांगितलं.

आता ती इन्सुलिन घेते. यांच्या पाण्यात गोळी अजून पडते. सुमन आमच्याकडे आली की माझ्या खांद्यावर हात टाकून न्हाणीपर्यंत जाते. पाय नीट टेकत नाही, सगळा भार माझ्यावर येतो. "वहिनी, तुमच्याबिगर मला कोन हाय," म्हणते.

मी तिला धरते. सांगत नाही.