चूक माझी आहे, बापूमामांची नाही

माझी पाठची बहीण सुरेखा जाऊन दीड महिना झाला. दौंडच्या तिच्या घरी माणसं भेटायला यायची, हळहळायची, आणि उठता उठता कुणीतरी म्हणायचंच, "हुशार होती, पण कुठं गप बसावं ते कळलं न्हाई तिला." मी हिशेबाचा माणूस. चुकीची नोंद तशीच पुढं जाऊ देत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

न्हावऱ्याच्या बाजूला एका दूध संकलन केंद्राचे हिशेब मी पाहायचो. तिथला संगणकाचा प्रोग्रॅम सुरेखानं लिहिलेला. वजन घेणं, फॅट वाचणं, नोंद ठेवणं, पावती छापणं अशी कामं त्यात एकाच वेळी चालत. अशा प्रत्येक कामाला ती थ्रेड म्हणायची. दूध घेऊन झालं की मापावरचे बापूमामा 'बंद'चं बटण दाबायचे. एरवी सगळं नीट बंद व्हायचं, पण अधूनमधून पडदा थिजायचा आणि शेवटच्या नोंदी जायच्या. मॅनेजरनं निदान केलं, "म्हाताऱ्याचा हात जड हाय. दुसरा माणूस बघा."

"ताई, म्या रोज दाबतो तसंच दाबलं की वं," बापूमामा म्हणाले.

सुरेखा एसटीनं रोज येऊ लागली. चूक हाती लागेना. कोणता थ्रेड कुठं आहे ते दिसावं म्हणून तिनं पडद्यावर ओळी छापायला लावल्या, तर तेवढ्यानं वेळेचं गणित बदलायचं आणि प्रोग्रॅम शहाण्यासारखा बंद व्हायचा. मॅनेजर हसायचा, "तुमाला बघून मशिन लाजतंय व्हय?" ती ओळी काढून टाकायची आणि पुन्हा बटण दाबायची.

अखेर अडकलेला प्रोग्रॅम तिनं तसाच धरून आतून तपासला. नोंदीच्या फाइलला कुलूप असे. लिहिणाऱ्यानं ते घ्यायचं, लिहून झालं की सोडायचं. 'बंद'चा इशारा कुठल्याही थ्रेडकडे जाई आणि तो बाकीच्यांना जागच्या जागी रद्द करी. एखादा कुलपासकट संपला की शेवटच्या नोंदी लिहायला तेच कुलूप कुणालाच मिळत नसे. "दादा, किल्ली खिशात घेऊन माणूस गेला तर दाराबाहेरच्यांनी काय करायचं?" ती म्हणाली. मग तिनं इशारा ऐकायला एकच थ्रेड नेमला. तो फक्त 'आवरा' सांगणार. बाकीचे हातातलं काम संपवून, कुलूप सोडून आपण होऊन थांबणार.

मॅनेजर तिला बाजूला घेऊन म्हणाला, "दुरुस्त झालं न्हवं? मग म्हाताऱ्याचा विषय सोडा. पुढच्या केंद्राचं काम तुमालाच."

सुरेखा संचालकांच्या बैठकीत उभी राहिली. "चूक माझी आहे, बापूमामांची नाही." चूक हमखास दिसावी म्हणून, कुलूप हातात असताना थ्रेड जरा रेंगाळेल एवढाच बदल तिनं जुन्या प्रोग्रॅममध्ये केला होता. तो चालू करून तिनं मॅनेजरलाच बटण दाबायला लावलं. पडदा थिजला.

"सायेब," बापूमामा म्हणाले, "तुमचाबी हात जडच हाय की!"

संचालक हसले. मॅनेजर हसला नाही. पुढच्या केंद्राचं काम सुरेखाला मिळालं नाही, त्यानंतरचंही नाही. लोक याला तिचा तोटा म्हणतात. मी म्हणत नाही.

बापूमामांना त्या महिन्याचा पगार पुरा दिला गेला. पुढचेही सगळे, त्यांनी स्वतःहून काम सोडेपर्यंत. सुरेखाला दुरुस्तीचं काही दिलं गेलं नाही, कारण तिनं बिलच लावलं नव्हतं. तो हिशेब तपासून मी सही केली होती. आजही करीन.