बोटीला नमस्कार

आम्ही माळव्यातली माणसं. आमचं पाणी नळाचं. नर्मदासुद्धा आमच्या घरी पाइपातून येते, तीही एक दिवसाआड. ओंकारेश्वराला गेलं की लोक हौसेने नावेत बसतात, मी पुलावरून जाते. नाववाले खालून हाका मारतात आणि मी ऐकू न आल्याचं सोंग करते. देव दोन्हीकडून तोच भेटतो.

म्हणून ताईने जहाजाची तिकिटं काढली आणि मला न विचारता माझंही नाव घातलं, तेव्हा मला आधी रागच आला. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. जुन्या इंदुरात एकटी राहते, लग्न केलं नाही. उभी हयात तिने इंदुराजवळच्या बेटमा गावी, तिथल्या शाळेत भूगोल शिकवला. रोज सकाळी बस पकडायची, चढताना पायरीला हात लावून कपाळाला लावायची, आणि जाऊन पोरांना फळ्यावर जग काढून दाखवायची. प्रवाळाचं बेट तिचं खास. बाहेर गडद निळा खडू, मग पांढरी कड, मग आत हिरवट उथळ पाणी. एकदा मी तिच्या वर्गात मागे बसले होते, तेव्हा एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपने देखा है?" ताई म्हणाली, "देखूँगी." निवृत्त होऊन तिला आता बरीच वर्षं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, पण ते 'देखूँगी' तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

जहाज मुंबईहून लक्षद्वीपला जाणारं. जहाजाची मला भीती नव्हती. ते एवढं मोठं असतं की आपल्या कॉलनीतलं हॉटेलच पाण्यावर ठेवलंय असं समजून राहता येतं. पण तिकिटांबरोबर सूचना आल्या आणि त्यात गोम निघाली. बेटाजवळ पाणी उथळ, म्हणून जहाज लांब समुद्रात उभं राहणार आणि तिथून माणसांना लहान बोटीत उतरवून किनाऱ्याला नेणार. शिवाय सत्तरीपुढच्या प्रवाशाला सोबतीचं माणूस असल्याशिवाय लहान बोटीत घेणार नाहीत. म्हणजे मी पाय मागे घेतला तर ताईचंही बेट गेलं. ते तिला जहाजाच्या कठड्यावरून बघावं लागणार, फळ्यावरच्यासारखंच. हे वाचलं आणि माझी झोप उडाली.

'पाण्यात पडलं की पोहता येतं' असं लोक म्हणतात. ही म्हण ज्याने काढली तो नक्की काठावर उभा असणार.

आमच्या यांनी मात्र प्रश्न हातात घेतला. आमच्या तुकोगंजच्या फ्लॅटमध्ये हॉलला झोपाळा आहे. बोट समजून हे तो जोरात हलवायचे, मी शेजारी चौरंगावर उभी राहायचे, आणि झोपाळा जवळ आला की हे 'आता' म्हणायचे. मी डोळे मिटून पाय टाकायचे. पहिल्या आठवड्यात दोन्ही नडग्या निळ्या झाल्या. शेजारच्या भाभीजी दारातून बघून विचारायच्या की झूला झूल रहे हो कि कुश्ती लड़ रहे हो. पुढे मला इतकं जमलं की पोह्यांची बशी हातात घेऊन हलत्या झोपाळ्यावर चढायचे आणि वर भुरभुरलेला जिरावन मसालासुद्धा सांडायचा नाही. हे खूश. यांच्या मते मी आता आरमारात भरती व्हायला हरकत नव्हती. पण भीती तसूभर कमी झाली नव्हती. झोपाळ्याखाली फरशी आहे, हे मनाला पक्कं माहीत होतं.

हे स्वतः आले नाहीत. सकाळचे पोहे सोडून कुठेही जायची त्यांची तयारी नसते. आम्ही दोघीच निघालो, बरोबर लवंगेच्या शेवेची मोठी पिशवी घेऊन. जहाजावर मी मजेत होते. ताई दिवसभर कठड्याशी उभी राहून पाण्याचा रंग बघायची आणि मी खुर्चीत बसून अनोळखी लोकांना शेव वाटायचे.

मग बेट आलं. जहाजाच्या पोटात, अगदी खालच्या बाजूला, एक दार उघडलं. बाहेर लहान बोट लागली होती आणि ती वर येत होती, खाली जात होती. आमचा झोपाळा बिचारा मागे-पुढे तेवढा जायचा. लाइफ जॅकेट घालून आम्ही रांगेत उभ्या होतो, आणि दार जवळ आलं तसं मी म्हणाले, "ताई, मला नाही जमणार गं."

तिने दारातून बाहेर पाहिलं. लांबपर्यंत गडद निळं पाणी होतं, मग पांढरी कड, मग हिरवट पट्टा. अगदी खडूने काढल्यासारखं. ती जराही रागावली नाही. "नाही तर नाही, छोटी. इथूनच बघू ना. रंग तर बरोबर निघाले, बस हो गया."

ती रागावली असती तर मी भांडले असते. त्या 'बस हो गया'शी काय भांडणार? तोवर ती म्हणाली की बोट जरा जवळून बघते, आणि पुढे सरकली. दारातल्या खलाशाला वाटलं की ती उतरायलाच आली. त्याने तिचं मनगट धरलं, तिने एक पाय बोटीत ठेवला. आणि एक पाय इथे, एक पाय तिथे, अशा अवस्थेत बाई खाली वाकली. बेटम्याच्या बसला करायची तसा बोटीच्या काठाला नमस्कार करायला.

बोट खाली गेली. काठ ताईच्या हातापासून दूर गेला आणि ताई त्याच्या मागे आणखी वाकली. खलाशी ओरडला, "अम्मा, झुको मत." पुढचं मला नीट आठवत नाही. मी दोन माणसांना ढकललं, ताईच्या कमरेला मिठी मारली आणि दोघी बोटीतल्या बाकावर जाऊन आदळलो. मग मी तिला यथेच्छ फैलावर घेतलं. वय काय, गुडघे काय, नमस्कार करायची ही जागा आहे का. बोटीतली माणसं हसायला लागली. मला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे. मान वर केली तर जहाजाचं दार मागे राहिलं होतं आणि आम्ही किनाऱ्याकडे निघालो होतो.

किनाऱ्यावर ताई चप्पल काढून, सलवार-कमीजसकट त्या हिरवट पाण्यात सरळ बसली. मीही बसले. पाणी कोमट होतं, स्वच्छ इतकं की आपल्या पायाची नखं मोजावीत. ती हात करून मला सांगत होती की ही कड, याच्यापुढे एकदम खोल, इथे उथळ, आणि तिचा आवाज वर्गातला झाला होता. ओल्या हातांनी आम्ही शेव खाल्ली. ती खारट झाली होती आणि फार छान लागली. मला इतका आनंद झाला होता की मी उगाचच मोठ्याने हसत होते, आणि लांबून लोक आमच्याकडे बघत होते.

परतायची वेळ झाली तेव्हा बोट धक्क्याला लागली. ताईसाठी चांगली जागा अडवायची म्हणून मी आधी चढले आणि बाकावर ऐसपैस बसून तिला हात केला. ती खलाशाचा हात धरून आली, बोट केव्हा वर येते ते नीट बघितलं, आणि सरळ पाऊल टाकून माझ्याशेजारी येऊन बसली. ना वाकली, ना काठाला हात लावला.

मी विचारलं, "आता नमस्कार नाही केलास?"

ती ओल्या ओढणीचं पाणी पिळत म्हणाली, "आता काय जरूरत आहे? तू तर आधीच आत बसलीस."