मनूच्या कमेंटखालचे हसरे चेहरे

मैत्रिणींनो, आठवतं? मधल्या सुट्टीत कुणी रडत असलं की आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर काही न विचारता शेजारी येऊन बसायच्या.

आज दुपारी श्रीमंतांच्या बिथरलेल्या मुलांची ती स्वस्तातली वेबसिरीज पाहिली. सेटवरच्या बंगल्याच्या भिंतीसुद्धा हलतात. गंमत म्हणून प्रेक्षकांची मतं वाचली. "पैसेवाल्यांची लई नाटकं," एकाने लिहिलेलं.

त्याखाली माझ्या नातीचं नाव. मनू क्लाससाठी लातूरला होस्टेलवर असते. "सिरीजमधल्या त्या मुलीसारखं मलाही सकाळी उठावंसं वाटत नाही." लोकांनी त्यावर हसरे चेहरे टाकले होते.

लगेच फोन केला. "बरी आहे गं आजी, असंच लिहिलं," म्हणाली. आवाज बरा नव्हता.

लातूरच्या बसमध्ये आहे, नांदेडहून सुटलीय. शैला, किल्ली वॉचमनकडे आहे. उद्याचं दूध तू घे, मोगऱ्याची कुंडी मीनाला दे. मनूजवळ मी बसणार आहे.